जनुकाला हवी असते साथ
तळहाताच्या रेषा पिवळसर-नारिंगी दिसू लागल्या, तर ज्योतिषी काय सांगायचं ते सांगो. डॉक्टर आधी रक्त तपासायला पाठवतील. डिसबीटालिपोप्रोटिनेमिया या विकाराची ही खूण. त्यात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतात.

मूळ 19व्या गुणसूत्रावरच्या एपीओई जनुकात. त्याचा ई2 प्रकार आई-वडील दोघांकडूनही आला, की तयार होणारं प्रथिन यकृताच्या पेशींना नीट चिकटत नाही आणि जेवणानंतर उरलेले चरबीचे कण रक्तातच रेंगाळतात.

गंमत पुढेच आहे. अशा बहुतेकांना काहीच होत नाही; उलट त्यांचं एलडीएल कोलेस्टेरॉल अनेकदा कमीच भरतं! लठ्ठपणा, मधुमेह किंवा मंदावलेलं थायरॉइड यांची भर पडली, की बिघाड उघड होतो. म्हणूनच वजन उतरवून किंवा थायरॉइडची गोळी सुरू करूनही अनेकांचे आकडे झपाट्याने खाली येतात.