धूर सरेपर्यंत

भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या शिवारात पौषाची थंडी भरली आणि शाळूची कणसे चिकात आली, की दुपारी बांधाबांधावर हुरड्याच्या आगट्या पेटू लागतात. आगटी लावणे हे काम वरवर पाहता कोणालाही साधेल असे वाटते; परंतु ज्या शेतात मी ते लक्षपूर्वक पाहिले, तेथील वृद्ध आजींनी त्याचा सारा बंदोबस्त आपल्या हाती ठेवला होता. वीतभर खोल खड्डा, तळाशी वाळलेल्या काड्या, त्यांवर उभ्या रचलेल्या गोवऱ्या. विस्तव लागताच दाट, पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर उसळला आणि जमलेल्या पोरांनी कणसे पुढे केली, तेव्हा आजींनी त्यांचे हात मागे सारले. “दम धरा रे. धूर सरू द्या आधी.” गोवऱ्या आतून लाल होऊन त्यांच्यावर राखेचा करडा थर चढला, ज्वाला आणि धूर दोन्ही नाहीसे झाले, तेव्हाच दांडे बाहेर ठेवून कणसे त्या राखेत खोचली गेली. मग ती फिरवायची, बारीक तडतड ऐकू आली की काढायची, गोणपाटावर ऊन ऊन असतानाच तळहाताने चोळायची आणि सुपात पाखडायची. काळवंडलेले कोंड उडून जाते आणि हिरवा, मऊ, गोडसर दाणा मागे राहतो.

त्या सरलेल्या धुरात काय होते, याचा शोध लागण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९१५ साली जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना दीर्घकाळ डांबर चोळून प्रयोगशाळेत कर्करोग उत्पन्न करून दाखविला. आणि १९३०च्या दशकात केनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी डांबरातून बेंझोपायरीन हे द्रव्य वेगळे काढले. लाकूड, शेण, कोळसा किंवा चरबी अपुऱ्या हवेत अर्धवट जळली, की अशी अनेक वलयी कर्बसंयुगे तयार होतात, काजळीला चिकटतात आणि स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. बेंझोपायरीन शरीराबाहेर टाकता यावे म्हणून शरीर त्याचे रूपांतर करू पाहते, आणि या रूपांतरातच निर्माण होणारे एक उग्र द्रव्य पेशीतील डीएनएला जाऊन चिकटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझोपायरीनची गणना मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केली आहे. युरोपात खाद्यतेलातील त्याची मर्यादा किलोमागे केवळ २ मायक्रोग्रॅम इतकी ठेवलेली आहे, यावरून या मामल्यात किती सूक्ष्म मात्रेचा हिशेब करावा लागतो, हे ध्यानात यावे.

आजींना हे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांची रीत मला शास्त्राच्या कसोटीवरही उतरणारी वाटते. धूर संपल्यावरच अन्न विस्तवाशी जाते, वेळ थोडा लागतो, दाण्यात स्निग्धांश अल्प असतो, आणि जी काही काजळी बसते ती बव्हंशी कोंडावर बसून सुपातून उडून जाते. हंगामात खाल्लेल्या चार मुठी हुरड्याने भयभीत व्हावे असे येथे काहीच नाही. धोका असतो तो मात्रेचा आणि वर्षानुवर्षांच्या सवयीचा.

मांसाची गोष्ट वेगळी. निखाऱ्यावर धरलेल्या तुकड्यातून चरबी ठिबकते, ती जळून उठलेला धूर पुन्हा त्याच तुकड्यावर बसतो, आणि तेथे पाखडून टाकण्याजोगे कोंडही नसते. मांस सोडले तरी, पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याची करपलेली साल मुद्दाम भरतात राखणारे लोक आहेत. भरतावर निखारा ठेवून तूप सोडायचे आणि झाकण घालून धुंगार द्यायचा, ही तर चरबीचा धूर अन्नात कोंडण्याचीच क्रिया होय. चवीचा मोह मी समजू शकतो, पण रोजच्या जेवणात त्याला स्थान असू नये.

याहून मला चिंता वाटते ती नव्या घाईची. आगटी किंवा चूल झटकन पेटावी म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या, खताची रिकामी पोती, क्वचित टायरचा तुकडाही आत जातो. प्लास्टिकमध्ये क्लोरीन असेल तर त्याच्या ज्वलनातून डायॉक्सिनवर्गीय विषे निघू शकतात. त्यांतील सर्वांत जहाल द्रव्य १९९७ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात नोंदले गेले आहे. ही विषे मातीवर आणि चाऱ्यावर बसतात, जनावराच्या चरबीत साठतात आणि दूध-मांसावाटे माणसाकडे परत येतात.

आणि खाणाऱ्यापेक्षा रांधणारीचा वाटा नेहमीच मोठा असतो. आपण ताटावर बसतो तेव्हा धूर गेलेला असतो. तो सारा जिने छातीत घेतला, ती चुलीपाशी बसलेली असते. घरातील लाकूड-गोवऱ्यांचा धूर त्याच कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविला आहे, आणि दीर्घकालीन श्वसनविकारांशी असलेले त्याचे नाते तर निर्विवाद आहे. म्हणून माझी वाचकांस विनंती आहे: विस्तव पेटविताना प्लास्टिक वर्ज्य करा, धूर पुरता सरल्यावाचून अन्न त्यावर धरू नका, करपलेला भाग खुशाल टाकून द्या, आणि ज्या घरी अद्याप चूल आहे, त्या घरी यंदाच्या सुगीच्या पैशातून पहिली तजवीज धुराड्याची किंवा गॅसची करा.