बार किती भरायचा?

लग्नाचा बार उडतो आणि एखाद्याचं भाषण फुसका बार ठरतं. हे शब्द आपल्या बोलीत आले ते ठासणीच्या बंदुकीतून. पिकावर हरणं, रानडुकरं येतात म्हणून परवाना काढून घेतलेली अशी बंदूक काही शेतकरी घरांत अजूनही असते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. दारूचं माप म्हणजे एखादी जुनी नळी, नाहीतर नुसता हाताचा अंदाज.

काळी दारू होती तोवर हा अंदाज कसाबसा चालून गेला. ती मापाने भरता येते. पण १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि हिशेबच बदलला. ही दारू त्याच मापात कितीतरी जास्त जोर धरते. तिच्यातही जाती आहेत. पिस्तुलाची झटकन जळते, रायफलची सावकाश. दिसायला मात्र दोन्ही करड्या-काळ्या कण्याच. झटकन जळणारी दारू रायफलच्या काडतुसात गेली, तर गोळी पुढे सरकण्याआधीच दाब चढतो आणि बंदूक फुटते ती चालवणाऱ्याच्या तोंडाशी.

अमेरिकेत कित्येक नेमबाज घरीच काडतुसं भरतात. त्यांच्यासाठी दारूचे कारखाने कोष्टकं छापतात. अमुक वजनाची गोळी, अमुक पुंगळी, अमुक टोपी, तर दारू किती. सुरुवातीचं माप आणि कमाल माप. सुरुवात खालच्या मापापासून. गोळी, पुंगळी, टोपी, दारू यांतलं एक जरी बदललं, तरी पुन्हा खालून. मोजतात ग्रेनमध्ये, आपली एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. सोनाराच्या काट्याचंच काम! गझलेतही वृत्ताच्या मापाला ‘वजन’ म्हणतात आणि मात्रा चुकली की शेर पडतो, पण तिथे कुणाचा डोळा जात नाही.

कमी भरलं म्हणजे धोका टळला, असंही नाही. गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी सुटली की नळी फाटते. शिवाय उन्हाने दारूचा दाब वाढतो. थंड मुलखात कमाल ठरलेलं माप बीडच्या मे महिन्यात कमालीच्याही वर जाऊ शकतं.

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला सरकारी कारखान्यात काडतुसं तयार होतात, ती तपासूनच बाहेर पडतात. तेव्हा कोष्टकाचा प्रश्न आपल्याला नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. डुकरं आली, काळी दारू संपली, म्हणून जुनं काडतूस फोडून त्यातली दारू किंवा सुतळी बाँबची पूड ठासणीच्या नळीत भरायची, हा विचार मनात येतो. त्या दारूला काळ्या दारूचं माप लागूच पडत नाही. फटाक्याची पूड तर जळत नाही, फुटतेच. दारू परवानाधारक दुकानातूनच घ्यावी, नळी गंजलेली असेल तर परवाना असलेल्या कारागिराला दाखवावी आणि तोवर बंदूक भिंतीलाच राहू द्यावी. डुकरांसाठी डबे वाजवणारा एक पोरगा रात्रभर पुरतो.