एस्प्रेसो यंत्रातल्या पाण्याच्या दोन वाटा

कॅफेतलं एस्प्रेसो यंत्र पाहिलं की वाटतं, आत एक बॉयलर असेल आणि त्यातलंच उकळतं पाणी कॉफीवर पडत असेल. तसं नसतं. मंडळातल्या काही घरांतली मुलं आता कॅफे काढायचं म्हणताहेत, तेव्हा लाखांची खरेदी करण्याआधी हे समजून घेतलेलं बरं.

नळाचं पाणी आधी गाळणीतून आणि क्षार कमी करणाऱ्या टाकीतून पंपात येतं. पंप त्याला सुमारे ९ बार दाब देतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट. इथून दोन वाटा फुटतात.

एक वाट बॉयलरची. बॉयलर काठोकाठ भरत नाहीत. वर वाफेला जागा ठेवतात. आतलं पाणी साधारण १२० अंशांवर असतं. त्याची वाफ दूध फेसाळायला लागते. एवढं तापलेलं पाणी कॉफीवर घातलं तर ती करपट, कडू होईल.

कॉफीचं पाणी दुसऱ्या वाटेने जातं. बॉयलरच्या पोटातून एक बंद नळी जाते, तिच्यातून. आपल्या जुन्या बंबात मधे विस्तव आणि भोवती पाणी असायचं. इथे भोवती तापलेलं पाणी आणि मधल्या नळीत ताजं पाणी. नळीतून जाता जाताच ते तापतं आणि ९०-९५ अंशांवर कॉफीच्या चकतीवर पोचतं. पंचवीस-तीस सेकंदांत कप तयार. बटण बंद केलं की तीन तोंडांची झडप उरलेला दाब खालच्या निचऱ्यात सोडते. तो ‘फुस्स’ आवाज त्याचाच. ही झडप नसती तर दांडा काढताना गरम चोथा अंगावर उडाला असता.

पंप आणि ही नळी एकत्र आणून ही पद्धत रूढ केली ती इटलीच्या फाएमा कंपनीच्या ई ६१ या यंत्राने, १९६१ साली. त्याआधी दाबासाठी हाताने दांडा ओढावा लागे. (नावातला ‘ई’ ग्रहणाचा, त्या वर्षी इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं.) हल्ली महागड्या यंत्रांत कॉफीसाठी वेगळाच बॉयलर असतो.

नळीतली पद्धत असेल तर एक सवय हवी. गिऱ्हाईक नसताना नळीत पाणी थांबून राहतं आणि फार तापतं. म्हणून पहिल्या कपाआधी थोडं पाणी सोडून द्यायचं.

आता खरा खर्चाचा मुद्दा. बोरिंगचं क्षाराचं पाणी तसंच जोडलं तर नळीत आणि बारीक भोकांत थर बसतो आणि दुरुस्ती महागात पडते. क्षार काढणाऱ्या टाकीला वेळच्या वेळी मीठ देणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. पण म्हणून नुसतं आरओचं पाणी लावू नये. बॉयलरमधली पातळी एका धातूच्या काडीला कळते. पाणी तिला टेकलं की त्यातून बारीकशी वीज वाहते आणि भरणं थांबतं. क्षार अगदीच काढून टाकले तर वीज वाहत नाही, काडीला पाणी कळत नाही, बॉयलर भरतच राहतो आणि वाफेच्या नळीतून दुधात पाणी येतं.