सायकलचा चिमटा आणि तिची चाल

सायकल केवळ बैठकीस धरून किंचित् डावीकडे कलती केली तर हँडल आपोआप डावीकडे वळतें. उजवीकडे कलविली तर उजवीकडे. चालत्या गाडींतहि पुढचें चाक असेंच पडत्या बाजूस वळतें व गाडी स्वतःस सांवरते. हा गुण पुष्कळ अंशीं तिच्या पुढच्या भागाच्या आंखणींत असतो. म्हणून स्वतःच्या मापानें फ्रेम बनवून घेणाऱ्यानें, अगर बनविलेल्या फ्रेमचा पुढचा भाग बदलूं पाहणाऱ्यानें, ही आंखणी प्रथम समजून घेणें अगत्याचें आहे.

तींत तीन मापें येतात. हँडलचा दांडा ज्या नळींत फिरतो ती सरळ उभी नसून मागें कललेली असते. जमिनीशीं होणारा तिचा कोन हें पहिलें माप. चिमट्याचे पाय खालीं पुढच्या बाजूस वांकविलेले असतात. नळीच्या रेषेपासून चाकाचा आंस जितका पुढें असेल तितका चिमट्याचा बाक, हें दुसरें. चाकाची त्रिज्या हें तिसरें. आतां नळीची रेषा कल्पनेनें जमिनीपर्यंत वाढविली, तर टायर त्या बिंदूच्या थोडा मागें टेकलेला आढळतो. या अंतरास इंग्रजींत ट्रेल म्हणतात. मराठींत 'पिछाडी' म्हणतां येईल. रुग्णालयांतील ढकलगाडीचीं लहान चाकें ज्या कारणानें ढकलण्याच्या दिशेस वळून मागोमाग येतात, तेंच कारण येथेंहि आहे.

एक उदाहरण घेऊं. कोन ७३ अंश, त्रिज्या ३४० मिलिमीटर व बाक ४५ मिलिमीटर असेल तर पिछाडी सुमारें ५७ मिलिमीटर येते. बाक ६५ केला कीं ती ३६ वर उतरते. उलट बाक ४५ च ठेवून कोन ७२ केला तर ती ६३ होते. बाक वाढला म्हणजे पिछाडी वाढते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति नेमकी उलटी आहे. भारतांत पिढ्यान्पिढ्या वापरांत असलेल्या उंच काळ्या सायकलीची नळी बरीच कललेली असते, आणि म्हणूनच तिच्या चिमट्यास बाकहि भरपूर दिलेला असतो.

पिछाडी अधिक असली तर गाडी वेगांत सरळ धांवते. पण सावकाश चालतांना हँडल एका बाजूस कोसळूं पाहतें, आणि पुढें ओझें असल्यास तें अधिकच जाणवतें. पिछाडी कमी असली तर हँडल हलकें फिरतें, मात्र हात सोडून चालविणें कठीण जातें. पॅरिस ते ब्रेस्त व परत ही दीर्घ स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. तसल्या दूरच्या प्रवासासाठीं रने एर्स यांच्यासारख्या फ्रेंच कारागिरांनीं घडविलेल्या सायकलींवर सामानाची पिशवी हँडलपुढें असे. त्यांचा बाक मोठा व पिछाडी थोडी असे, तें याच हिशेबानें.

तथापि एका आंकड्यावर सर्व भार टाकणें बरोबर नव्हे. डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें चिमटा उलटा फिरवून पिछाडी वाढविली, तेव्हां स्वाराविना सोडलेली सायकलहि आश्चर्यकारक स्थिर राहिली. हे प्रयोग त्यानें १९७० सालीं प्रसिद्ध केले. परंतु २०११ सालीं संशोधकांनीं पिछाडी किंचित् उणी असलेली गाडीहि स्वतःचा तोल सांवरते असें दाखविलें. वजनाची वांटणीहि यांत भाग घेते.

बदल करतांना फ्रेमच्या नळीस हात लावण्यापेक्षां चिमटा बदलणें सोपें. पण चिमटा २० मिलिमीटरनीं लांब घेतला, आणि दोन चाकांच्या आंसांत सुमारें एक मीटर अंतर असलें, तर सारी गाडी जवळजवळ एक अंश मागें कलते. बैठक कलते, पेडल उंचावतें व पिछाडी वाढते. बाक कमी केल्यास चाक मागें सरतें, आणि वळतांना पायाचा अंगठा त्यास लागूं शकतो.

पोलादी चिमट्याचा बाक कुशल कारागीर योग्य सांच्यांत धरून बदलूं शकतो, मात्र दोन्ही पाय तंतोतंत सारखे राहिले पाहिजेत. ॲल्युमिनियमचा वा कार्बनचा चिमटा वांकविण्याचा विचारहि करूं नये. ओझें कोठें ठेवावयाचें हें आधीं ठरवावें, त्यावरून पिछाडी काढावी आणि मग त्या मापाचा चिमटा घ्यावा. मागचें चाक निकामी झालें तर स्वार बहुधा सांवरतो. चिमटा मोडला तर त्यास तेवढा अवधि मिळत नाहीं.