ढोरांच्या डॉक्टरकडे कुत्रं

अकोल्यात कुत्र्या-मांजरांवर इलाज करणाऱ्याला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो : शेवटी ढोरांचाच डॉक्टर! टोमण्यात तथ्य आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, आणि बैल, शेळी, कोंबडी, मांजर या सगळ्यांसाठी ती एकच. इथली स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थासुद्धा आधी पंजाबराव कृषी विद्यापीठाची होती. २००० साली पशु व मत्स्य विज्ञानाचं वेगळं विद्यापीठ नागपूरला झालं, तेव्हा ती त्या विद्यापीठाकडे गेली. म्हणजे वऱ्हाडातलं पशुवैद्यक शेतकऱ्याच्या दारातच वाढलं. माझ्या मते ही त्याची जमेची बाजू आहे. ढोरांचा डॉक्टर जनावर पाहतो तसा गोठाही पाहतो, आणि घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत नेमकं हेच राहून जातं.

गोचीड-तापाचंच घ्या. कुत्रं खाणं सोडतं, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. औषधाने ते उठून बसतं आणि काही महिन्यांनी पुन्हा आडवं होतं. दोष मात्र डॉक्टरच्या माथी, घराकडे कोणी पाहत नाही. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी अंगावरून गळून पडते. कात टाकणं, अंडी घालणं हे सगळं भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, गोणपाटाखाली चालतं. एकेक मादी हजारावर अंडी घालते. कोरड्या उन्हाळ्याचं तिला वावडं नाही. मोर्णा नदीकाठच्या जुन्या शहरातली पोपडे सुटलेली भिंत म्हणजे तिचं माहेरच. तिथे नुसत्या कुत्र्याला सुई टोचून काय होणार? फटी बुजवल्या, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढलं, भिंतीच्या कडेला डॉक्टरने सांगितलेलं औषध पुन्हा पुन्हा फवारलं, तरच इलाज पुरा होतो.

यावर कोणी म्हणेल, मांजर म्हणजे काही छोटं वासरू नव्हे. अगदी खरं. माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात फार तोकडी असते. हाड मोडलं किंवा पोटाची शस्त्रक्रिया असली, तर लहान प्राण्यांतला जाणकारच हवा. पण ती गोळी मांजराच्या पोटात जाते ती बहुधा घरच्याच कपाटातून. कुत्र्याचंही तेच. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, माणसापेक्षा जास्तच; हाताला गरम लागलं की घरचे गोळी देऊन मोकळे होतात. दुसरा आक्षेप खर्चाचा : गल्लीतली कुत्री कुठे दवाखान्यात जातात? जात नाहीत, म्हणूनच त्यातली बरीचशी पिल्लं पार्व्हो विषाणूच्या हगवणीत संपतात, आणि कोणी मोजत नाही. शिवाय रेबीजची लस कुत्र्याइतकीच घरातल्या पोरांसाठी असते. लक्षणं दिसू लागल्यावर त्या रोगाला उपाय उरत नाही.

तेव्हा दवाखान्यात जाताना कुत्रं कुठे झोपतं, काय खातं, घरी कोणती गोळी दिली, हे न लाजता सांगा. गोळीची पट्टीच सोबत न्या.