'ले ऑफ' : एक क्रियापद, तीन अर्थ

पालकहो, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत 'ले ऑफ' झाला की मुलं विचारतात, "बाबांची नोकरी गेली का?" उत्तर अर्थावर ठरतं.

१) कायद्यात : वीज किंवा कच्चा माल नसल्याने मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही. नाव हजेरीपटावर राहतं. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि २०२० ची औद्योगिक संबंध संहिता, दोन्हींत पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई आहे.

२) बातम्यांत : कामावरून कमी करणं. 'ही वॉज लेड ऑफ.' यात कामगाराची चूक नसते; चुकीमुळे काढलं तर 'फायर्ड'.

३) बोलण्यात : 'ले ऑफ हिम!' म्हणजे त्याच्या मागे लागू नकोस.

म्हणून मुलांना घोकायला लावू नका. वाक्य कुठलं आहे, ते आधी बघायला शिकवा.