माटुंग्याची यूडीसीटी

माटुंग्यात नाथालाल पारेख मार्गावर, खालसा कॉलेजजवळ, एक संस्था नव्वदहून अधिक वर्षे रसायनाचे शिक्षण देत आहे. कागदोपत्री तिचे नाव आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आयसीटी. पण जुने विद्यार्थी आणि रासायनिक कारखानदार तिला अजूनही यूडीसीटीच म्हणतात. पूर्वी ती मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग होती आणि यूडीसीटी हे त्या विभागाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप. आसपास व्हीजेटीआय, रुईया आणि पोदार आहेत, फाइव्ह गार्डन्सची झाडी आहे. शिक्षणसंस्थांच्या या दाटीत यूडीसीटीकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष जात नाही. देशाच्या रासायनिक उद्योगाचा इतिहास लिहायचा तर मात्र याच फाटकातून आत जावे लागते.

तिचे मूळ गिरणगावात आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत कापड आपले होते, पण ते रंगवायचे कृत्रिम रंग प्रामुख्याने जर्मनीचे. १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मन माल थांबला आणि रंगांची टंचाई सुरू झाली. एवढ्या मोठ्या कापडधंद्याला स्वतःचा रंग बनवता येत नाही, ही उणीव तेव्हा उघडी पडली. ती भरून काढायला कारखान्यांच्या आधी माणसे तयार व्हायला हवी होती. मुंबईतल्या दानशूरांच्या देणग्यांवर विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी हा विभाग सुरू केला. शाखा दोनच होत्या, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. पहिले संचालक होते डॉ. आर. बी. फॉर्स्टर. स्वतःची इमारत नसल्याने सुरुवातीचे वर्ग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये भरत. विभाग माटुंग्याला आला तो १९४३मध्ये.

या शाळेची घडण समजून घ्यायची तर तिच्या प्रवेशाची जुनी अट लक्षात घेतली पाहिजे. इथे यायचे तर आधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. व्हावे लागे आणि मग बी.एस्सी. (टेक.) करता येई. पुढे पन्नाशीच्या दशकात रासायनिक अभियांत्रिकीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आला, तरी रंग, तेल, औषधे, अन्न अशा बाकीच्या शाखांत ही पद्धत अनेक दशके टिकली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. वर्गात बसलेल्या मुलाला रसायनशास्त्र आधीच येत असे. त्याला शिकवायचे असे ते कारखान्याचे व्यवहार. चंबूत घडणारी क्रिया हजार लिटरच्या पात्रात तशीच घडत नाही. नायट्रेशनसारख्या क्रियेत खूप उष्णता बाहेर पडते. चंबूतली उष्णता काचेतून सहज निघून जाते. पात्र मोठे केले की आतल्या द्रवाचे आकारमान ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने भिंतीचे क्षेत्रफळ वाढत नाही. उष्णता आतच साठते आणि वेळीच ती काढून घेतली नाही तर स्फोट होतो. मिश्रण कसे ढवळायचे, गाळ कसा गाळायचा, गॅस द्रवात कसा मुरवायचा, या प्रश्नांची उत्तरे शोधणारे लोक इथे तयार झाले.

१९३८मध्ये प्रा. के. वेंकटरामन संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. मद्रासमध्ये जन्मलेले वेंकटरामन मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले आणि लाहोरला अध्यापन करून मुंबईत आले. फुलांच्या पिवळ्या रंगद्रव्यांशी नाते असलेली फ्लॅव्होन संयुगे प्रयोगशाळेत बनवण्याची एक पद्धत ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या नावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२मध्ये दोन खंडांत निघाला आणि त्या विषयाचा आधारग्रंथ ठरला. जर्मन रंग नाहीत म्हणून जी शाळा काढली, तिच्या प्रमुखाचे पुस्तक वीस वर्षांच्या आत जगातले रंगतज्ज्ञ उघडू लागले, याचा अभिमान वाटायलाच हवा.

१९५७मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर तिथे गेलेले डॉ. बा. द. टिळक हेही यूडीसीटीचेच प्राध्यापक. माटुंगा आणि पुणे यांच्यातली ही ये-जा पुढेही चालू राहिली. पुण्याच्या प्रयोगशाळेचा इतिहास माटुंग्याला वगळून सांगताच येत नाही.

संस्थेला संशोधनाच्या जागतिक नकाशावर नेले ते प्रा. मनमोहन शर्मा यांनी. जोधपूरचा हा विद्यार्थी यूडीसीटीत शिकला, केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून १९६४मध्ये परतला आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इथेच प्राध्यापक झाला. गॅस द्रवात शोषला जाताना त्याच वेळी रासायनिक क्रियाही होत असेल तर वेग कसा काढायचा, हा त्यांचा विषय. खतकारखान्यात अमोनिया बनवताना कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावा लागतो, तिथे हाच प्रश्न येतो. आज धुराड्यातला कार्बन पकडण्याच्या योजनांतही तोच येतो. द्रवातून बुडबुडे जात असतात. त्या सगळ्या बुडबुड्यांचा पृष्ठभाग मिळून किती, हे पट्टी लावून मोजता येत नाही. मग जिचा वेग आधीच ठाऊक आहे अशी क्रिया निवडायची, किती गॅस शोषला गेला ते पाहायचे आणि त्यावरून पृष्ठभागाचा हिशेब काढायचा. या रासायनिक मोजमापाचा शर्मा यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पद्धतशीर विस्तार केला. अशा कामाला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत, प्रश्न अचूक निवडावा लागतो. जेमतेम पैशांत चालणाऱ्या विद्यापीठाच्या विभागाने जगाच्या तोडीचे काम केले, त्यामागे ही निवड आहे असे मला वाटते.

१९९०मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९९८मध्ये तोच मान त्यांचे विद्यार्थी डॉ. रघुनाथ माशेलकर यांना मिळाला. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेला, वडील लवकर गेलेला आणि मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलेला हा मुलगा टाटा न्यासाच्या महिना ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीवर पुढे शिकला. १९६६मध्ये तो यूडीसीटीतून रासायनिक अभियंता झाला आणि १९६९मध्ये तिथेच शर्मांकडे पीएच.डी. झाला. पुढे हळदीच्या औषधी वापरावरचे अमेरिकी पेटंट सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, आव्हान दिल्यावर १९९७मध्ये रद्द झाले ते माशेलकर तिचे महासंचालक असताना. शर्मांचेच दुसरे विद्यार्थी प्रा. ज्येष्ठराज जोशी हे सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे. बुडबुड्यांच्या स्तंभात द्रव कसा फिरतो, यावरचे त्यांचे काम जगभर वापरले जाते. ते संस्थेचे संचालक झाले आणि मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षही. मराठीतून विज्ञान पोचवण्याच्या कामाला या शाळेने दिलेला हा माणूस मला तिच्या पदकांइतकाच मोलाचा वाटतो.

प्रयोगशाळेबाहेर पडलेल्यांची यादीही मोठी आहे. आंध्रातल्या गुंटूरहून बी.एस्सी. होऊन आलेल्या अंजी रेड्डी यांनी इथे औषधनिर्मितीचे तंत्र शिकून घेतले, पुण्यात पीएच.डी. केली आणि १९८४मध्ये डॉ. रेड्डीज ही कंपनी काढली. मुकेश अंबानी इथलेच. केकी घरडाही इथलेच. गव्हातले तण मारणारे आयसोप्रोट्युरॉन त्यांनी स्वतः विकसित केलेल्या पद्धतीने स्वस्तात बनवले. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या कंपनीचा कारखाना आहे आणि तिथून जवळच लवेलला त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. ठाणे-बेलापूर, अंबरनाथ, डोंबिवली, महाड या पट्ट्यांतल्या लहानमोठ्या कारखान्यांत यूडीसीटीचा माणूस भेटणे ही रोजची गोष्ट. या पट्ट्यांनी खाड्यांचे आणि नद्यांचे जे केले तेही विसरता येणार नाही. सांडपाणी आणि स्वच्छ प्रक्रिया यांवरचे काम आता अशा शाळांच्या केंद्रस्थानी असायला हवे. माटुंग्यात त्यावर संशोधन होते, पण कारखान्यांनी ते वापरण्याचा वेग कमी आहे.

विद्यापीठाच्या विभागाला आधी स्वायत्तता मिळाली. १२ सप्टेंबर २००८ रोजी अभिमत विद्यापीठाचा दर्जा आला आणि मुंबई विद्यापीठाशी असलेले नाते औपचारिकपणे संपले. पहिले कुलगुरू झाले कोल्हापूर जिल्ह्यातले प्रा. गणपती यादव, तेही इथलेच विद्यार्थी. त्यांच्या कारकिर्दीत, २०१८मध्ये, संस्था पहिल्यांदाच मुंबईबाहेर पडली. एक संकुल भुवनेश्वरला झाले आणि दुसरे जालन्यात. दोन्ही ठिकाणी पाच वर्षांचा एकत्रित एम.टेक. अभ्यासक्रम चालतो आणि कारखान्यात प्रत्यक्ष काम करणे हा त्याचाच भाग आहे. पोलाद आणि बियाणे या उद्योगांसाठी जालना पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हे शिक्षण घ्यायला आता मुंबईत खोली शोधावी लागत नाही. मात्र जालन्याला माटुंग्याएवढे पूर्णवेळ शिक्षक आणि सुसज्ज प्रयोगशाळा मिळाव्यात, यासाठी राज्य सरकारने हात आखडता घेऊ नये.